पावसात उभा ट्रक

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
१ एप्रिल २०२४

चि. मिहिर,

आशीर्वाद. फोनवर तू "बाबा, कसे आहात" म्हणतोस, मी "ठीक" म्हणतो आणि फोन तुझ्या आईच्या हातात देऊन सुटतो. म्हणून हा मेल. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी टिपणं लिहिण्यात गेली, मला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं.

विषय कालच्या रविवारचा. कॅनडाला जाताना तू तुझं हे गेमचं कॉम्प्युटर इथंच ठेवलंस आणि म्हणालास, "बाबा, दर रविवारी आपण दोघं मिळून ट्रक चालवू." इथले संध्याकाळचे आठ, तुझे सकाळचे साडेदहा. तेव्हापासून मी रविवारी कुणाच्या बारशाला जात नाही की बाराव्याला. काल घाटात तू पुढं होतास, मी मागं. वळण घेऊन येतो तर तुझा ट्रक रस्त्याच्या मधोमध उभा. वायपर चालू, दिवे चालू, गाडी जागची हलेना. मी ओरडतोय, "अरे काय झालं?" उत्तर नाही. बऱ्याच वेळानं तुझा आवाज आला, "हां बाबा, चला," आणि तू निघालास. होळीच्या आधीपासून हे असंच चालू आहे.

माझा कयास असा की दोष माझ्या मशीनचा. तू पुढं निघून गेलेला असतोस आणि माझ्या पडद्यावर तुझा ट्रक अडकून बसतो. कोपऱ्यात प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा दिसतो, तो काल ८८ होता. आतला पंखा असा किंचाळतो की त्यापुढं पिठाची गिरणी बरी. तू मधे काही बोलत असलास तरी त्या आवाजात मला कळत नाही.

बाकी इकडं सगळं तापलेलंच आहे. नळाला पाणी येऊन आठवडा उलटला. नव्या पाइपलाइनसाठी गल्ली खणून ठेवली आहे, म्हणजे खड्डा आला, पाणी यायचंय. सोसायटीचा बोअर आचके देतोय. जायकवाडीचं तर मी पेपरात वाचायचंच सोडलं. तू इंजिनिअर आहेस, मशीनचं काय करू ते कळव.

तुझे,
बाबा


ब्रॅम्प्टन
४ एप्रिल

ती. बाबांना नमस्कार.

हो, तुम्ही म्हणता तसंच असणार. मशीन जुनं झालंय आणि गेमचा नवा भाग फार जड आहे. त्यामुळं ते मागं पडतं. आधी बाजूचं झाकण काढून धूळ झटका. मग सेटिंगमध्ये जाऊन पाऊस बंद करा. पाऊस, साचलेलं पाणी, त्यावरून घसरणारी चाकं, या सगळ्याचं गणित प्रोसेसरला दर क्षणाला करावं लागतं. पाऊस गेला की ताप दहा-बारा अंशांनी उतरेल.

नाहीतर असं करू या का, थोडे दिवस रविवारचं राहू द्यायचं? मशीनचं काहीतरी झालं की पुन्हा सुरू करू.

माझं ठीक चाललंय. ऑफिस नेहमीसारखं. इथं अजून थंडी आहे. डोळे मिटतायत, थांबतो.

मिहिर


उस्मानपुरा
१५ एप्रिल

चि. मिहिर,

"रविवारचं राहू द्यायचं?" हे तुझं वाक्य मी चष्मा पुसून परत वाचलं. राहू द्यायचं नाही. मशीन मागं पडतंय ना, मग त्याला पुढं आणू. त्यासाठी रविवार कशाला मोडायचा?

आणि पाऊस बंद होणार नाही, हे आधीच सांगतो. तुझी आई रविवारी आठच्या ठोक्याला गॅस बंद करून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसते, ती काय ट्रक बघायला? त्या गेममध्ये पूल लागतो ना, खाली लालसर पाण्याची नदी? परवा म्हणाली, "अहो, जरा गाडी बाजूला घ्या, बघू द्या." मी घेतली. दोघं बसलो बघत. घरात पिंपाच्या तळाशी तांब्या खरवडतोय आणि इथं काचेवर धो धो चाललंय! माझा जन्म धरणाची पातळी लिहिण्यात गेला बाबा, पण असं काठोकाठ पाणी मी फार कमी वेळा लिहिलं. तू म्हणतोस, बंद करा. वा रे वा!

तर मी तुझ्या वर्गातल्या संघपालकडं गेलो. त्याचं दुकान आता आपल्या चौकातच आहे, पडेगावहून रोज येतो. मशीन उघडून म्हणाला, "काका, हा प्रोसेसर मिहिरनं लई हौसेनं घेतलेला. कंपनीनं ठरवलेल्या वेगाच्या वर नेता येतो ह्याला. ओव्हरक्लॉक म्हणतेत. पण वेग वाढला की ताप वाढतो, मग मला बोल लावू नका." मी म्हटलं, वाढव. त्यानं सुरुवातीच्या त्या निळ्या पडद्यात जाऊन वेग ४.२ चा ४.७ गिगाहर्ट्झ केला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, थोराड पंखा बसवला. कसं करायचं ते मी शेजारी उभं राहून शिकून घेतलं.

आता आगीतून फुफाट्यात. मशीन पळतंय झकास, पण पाऊस लागला की ताप ९६. शंभराला टेकला की ते आपणहून पाय आखडतं म्हणे. आवाज तर विचारू नकोस, शेजारचे तात्यासाहेब दार वाजवून विचारून गेले की गिरणी टाकली का.

पण काल तुझा ट्रक आधीपेक्षा कमी वेळ अडकला. म्हणजे आपली दिशा बरोबर आहे.

तुझे,
बाबा


ब्रॅम्प्टन
१९ एप्रिल

ती. बाबा,

हे काय करून बसलात? ९६ म्हणजे मशीन मरायला टेकलं. बेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात, एसी नसलेल्या खोलीत कुणी ओव्हरक्लॉक करतं का? व्होल्टेज वाढवलंय का ते संघपालला विचारा आणि पहिल्या वेगावर आणा. प्लीज.

आणि रविवारी ट्रक थांबला ते माझ्याकडचं नेट गेलं होतं म्हणून. तुमच्या मशीनचं काही नव्हतं. तुम्ही उगीच मागं लागू नका.

आईला नमस्कार.

मिहिर


उस्मानपुरा
२९ एप्रिल

चि. मिहिर,

उंटावरून शेळ्या हाकू नकोस. परवा मशीन म्हणालास, आता नेट म्हणतोस. नेट तुझं, मशीन माझं. माझ्या हातात जे आहे ते मी दुरुस्त करतो.

आणि ऐक, काल भर पावसात, घाटात, मागं वीस टनांचा माल, ताप किती? ७१! वेग मी स्वतः आणखी चढवला, ४.९. कसं जमवलं ते सांगणार नाही. म्हाताऱ्याची एक युक्ती आहे. संघपाललासुद्धा सांगितली नाही.

आवाज मात्र वाढलाय. आता तू बोललेलं काहीच ऐकू येत नाही, म्हणून तुला बोलायचं असेल तेव्हा दिवे दोनदा लावत जा.

तुझा ट्रक काल दोन ठिकाणी अडकला. पण ५ पर्यंत नेला की सुटेल हा प्रश्न.

इकडं सगळं छान. आईची तब्येत उत्तम. निवडणुकीच्या भोंग्यांनी बेजार आहोत, तेवढंच.

तुझे,
बाबा


उस्मानपुरा
२० मे

प्रिय मिहिर,

अनेक आशीर्वाद. हे मी फोनवर एका बोटानं लिहितेय, तेव्हा चुका पोटात घाल. कॉम्प्युटर बंद पडलंय हे तुला समजलंच असेल. तुझे बाबा लाजेनं लिहीत नाहीत आणि तू नुसतं "बाबा, काही नाही, होतं असं" म्हणून फोन ठेवतोस. दोघंही एकाच मातीचे.

ह्यांची ती युक्ती म्हणजे आपला कूलर. घरात एकच कूलर, आपल्या झोपायच्या खोलीतला, तो काढून बाहेर आणला आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडं केलं. म्हणाले, "आपल्याकडं मे महिन्यात माणूस असो की म्हैस, तापलं की पाण्याचा वारा. मग ह्यालाच का नको?" साठी बुद्धी नाठी, दुसरं काय! पण तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू, मीच म्हटलं, ठेवा. आठवड्यातला तेवढाच एक तास हे माणसात असतात रे. रविवारी संध्याकाळी दाढी करतात. मी म्हणते, "अहो, त्याला तुम्ही दिसता का तिकडं?" तर म्हणतात, "न दिसू दे."

पण तो रविवारपुरता राहिला असता तर ठीक. दिवसभर हे वेग वाढवून बघायचे, ताप बघायचे, परत वाढवायचे. कूलर सुरूच. टँकरचं पाणी, ते बादलीनं वर आणायचं आणि कूलरच्या टाकीत ओतायचं. दुष्काळात तेरावा महिना! मी आतल्या खोलीत ओला टॉवेल घेऊन पडायची. ह्यांना म्हटलं नाही काही, म्हटलं रमलेत तर रमू दे. मग एक दिवस भाकरी करताना डोळ्यांपुढं अंधारी आली, मी ओट्याला धरूनच खाली बसले. दवाखान्यात सलाईन लावलं, संध्याकाळी घरी सोडलं. आता मी ठणठणीत आहे, उगीच घाबरू नकोस. ह्यांनी घरी आल्या आल्या चप्पल न काढता कूलर ओढत आत आणला.

आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी कॉम्प्युटर गेलं. तुझा ट्रक नुकता दिसला होता. एकदम काळं. संघपालनं उघडलं तर म्हणतो, "काका, आत चुना लावलाय का काय?" सगळीकडं पांढरी खपली. टँकरवाला कुठल्या बोअरचं पाणी आणतो कुणास ठाऊक, आपल्या तांब्या-पातेल्यांवर जो थर धरतो ना, तोच वाऱ्यासोबत आत जाऊन बसलेला. ताप उतरवला आणि पाण्यानं मारलं. हे त्याच्यापुढं मान खाली घालून उभे. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

दोन रविवार झाले. काल संध्याकाळी ह्यांनी दाढी मात्र केली.

आता तू मला एक खरं सांग. तू नुसता आमच्यासाठी म्हणून येत असशील तर नको येऊ, बाळा. आम्ही समजून घेऊ. पण तुला यावंसं वाटत असेल तर ह्यांना सांग की जसं आहे तसं चालेल. माझं ऐकत नाहीत. आणि तुझा आवाज हल्ली बसलेला का असतो? ऑफिसात एसी फार आहे का?

तुझी,
आई


ब्रॅम्प्टन
२२ मे

प्रिय आई,

तू चक्कर येऊन पडलीस आणि मला आत्ता कळतंय. कूलर तुझ्या खोलीतून पुन्हा हलला तर मी कधीच खेळणार नाही, हे बाबांना वाचून दाखव.

मशीन दुरुस्त झालं तर पहिल्या वेगावरच ठेवा. पाऊस चालू ठेवा, तुला आवडतो ना. ट्रक अडकला तर अडकू दे. मशीनचा दोष कधी नव्हताच, बाबांनी तसं म्हटलं आणि मी उगीच हो म्हणालो. दोष इकडचा आहे. त्याहून जास्त आत्ता विचारू नकोस.

मी तुमच्यासाठी येत नाही. आठवड्यात तेवढ्याच वेळी माझ्याशी कुणी मराठी बोलतं. माझ्यासाठी येतो.

आवाज एसीमुळंच.

मिहिर


उस्मानपुरा
३ जून

चि. मिहिर,

आशीर्वाद. आईनं तुझा मेल वाचून दाखवला. मुलानं दम भरावा असं वागलो, तेव्हा भरला ते बरं झालं.

संघपालनं मशीन ब्रशनं आणि स्पिरिटनं धुतलं, दोन दिवस वाळवलं, एक सुटा भाग बदलला आणि सुरू करून दिलं. म्हणाला, "काका, आता हात जोडतो. वेगाला हात लावायचा नाय." मी म्हटलं, व्हय बाबा, नाय लावत. पहिल्या वेगावर आहे. पंखा फिरतोय हे समजायला हात धरून बघावं लागतं. कूलर आत आहे आणि आई रात्री त्याच्यासमोर झोपते. मी खात्री करून मगच झोपतो.

काल आठला आपण निघालो. दिवे दोनदा लावलेस, मी पण लावले. तू आईची चौकशी केलीस, ती म्हणाली, "मी इथंच बसलेय रे." पूल गेला, नदी गेली, घाट लागला, पाऊस लागला. आणि वळणावर तुझा ट्रक उभा.

सवयीनं मी आधी ताप बघितला. ६६. वेग व्यवस्थित, पाऊस नीट पडतोय, माझं काहीच अडकलेलं नाही. मी हाक मारणार, एवढ्यात हेडफोनमधून काहीतरी ऐकू आलं. मला वाटलं वारा. पुन्हा आलं. मी हेडफोन काढून तुझ्या आईच्या कानाला लावला. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "झोपलाय. तोंड उघडं टाकून झोपलाय." पाळण्यात होतास तेव्हापासून ती तो आवाज ओळखते.

मग एक कान तिचा आणि एक कान माझा करून बसलो. थोड्या वेळानं तुझ्या खोलीत कुणीतरी आलं. तुझा रूम-पार्टनर असेल. म्हणाला, "ओए, कुर्सी पे ही सो गया? रात भर गोदाम में बक्से ढोए हैं, बिस्तर पे जा यार." तू काहीतरी पुटपुटलास आणि तसाच झोपलास. तो गेला.

गोदाम हा शब्द आम्ही दोघांनी ऐकला. तुझी आई माझ्याकडं बघत होती, मी समोर पडद्याकडं. ऑफिस कधी सुटलं, का सुटलं, हे तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. आम्हाला राग आलेला नाही. वाईट वाटलं, ते लपवत नाही. तू तिकडं एकटा रात्रभर खोकी उचलतोस, सकाळी अंथरूण सोडून आमच्यासाठी खुर्चीत बसतोस, आणि मी इकडं म्हणतोय, मशीनचा वेग कमी पडतोय! दमलेला तू होतास आणि मी पंखे बदलत बसलो. एवढा घरघराट करून ठेवला होता की पोरगं झोपलंय हेसुद्धा ऐकू आलं नाही.

तुला उठवलं नाही. घाटातल्या वळणावर ट्रक असा उभा म्हणजे धोकाच. मी माझी गाडी तुझ्या मागं आणून लावली आणि धोक्याचे दिवे चालू केले. तुला हसू येईल, त्या रस्त्यावर आपल्या दोघांशिवाय कुणी नसतं. तरी पण लावले. तात्यासाहेब डोकावून म्हणाले, "काय हो व्यंकटराव, आज गिरणी बंद?" आईनं त्यांना ओठावर बोट ठेवून गप्प केलं.

नऊ वाजून गेल्यावर तू दचकून म्हणालास, "हां बाबा, चला." मी म्हटलं, "चल." बाकीचं लिहायला ठेवलं.

तर रविवारी ये. गाडी चालवायलाच पाहिजे असं काही नाही. सुरू कर, हेडफोन कानाला ठेव, उशी घे आणि झोप. मागं मी उभा आहे. पाऊस चालू ठेवतो.

तुझे,
बाबा